जरा डोळा लागला होता

माणसाला झोप किती लागते, या प्रश्नाचे एक वैशिष्ट्य आहे. तो नेहमी झोप न येणारा विचारतो आणि त्याचे उत्तर नेहमी झोप येणारा देतो. त्यामुळे दोघांचे कधी पटत नाही. जेवणाचे तसे नाही. "आपण बुवा दोन्ही वेळा पोटभर जेवतो," असे चारचौघांत सांगायला कुणी संकोचत नाही. पण "आपण बुवा रोज नऊ तास झोपतो," असे छातीठोकपणे सांगणारा गृहस्थ निदान पुण्यात तरी माझ्या पाहण्यात आलेला नाही.

खरे म्हणजे पुण्यात मुळी कुणी झोपतच नाही. दुपारी अडीच वाजता कुठल्याही पेठेतल्या कुठल्याही दाराची बेल वाजवून पाहा (आपल्या जबाबदारीवर!). गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटलेले गृहस्थ दार उघडतील. तुम्ही ओशाळून विचाराल, "झोपमोड केली का हो?" ते म्हणतील, "छे छे, झोपतोय कुठला! जरा पडलो होतो." पडणे, लवंडणे, पाठ टेकणे, डुलकी, पेंग, झापड आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'डोळा लागला होता'! व्याकरणदृष्ट्या हा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. 'मी झोपलो' म्हटले की कर्ता मी. 'डोळा लागला' म्हटले की जे काही केले ते डोळ्याने, मालक नामानिराळा. आणि एवढ्यानेही भागले नाही, तर 'वामकुक्षी' आहेच. संस्कृत नाव दिले की लोळण्यालासुद्धा सोवळे नेसवल्यासारखे होते.

एका निरुपद्रवी क्रियेसाठी माणसे इतकी पळवाटांची भाषा का बोलतात? माझ्या मते याचे कारण असे, की झोप ही आपण शरीराची गरज मानतच नाही. चारित्र्याचा दाखला मानतो. उशिरा उठणारा आळशी, लवकर उठणारा सज्जन. मग तो लवकर उठून दिवसभर काय करतो, याची चौकशी कुणी करत नाही. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. आपल्याला चार तास झोप पुरते, असे ते दर भेटीत सांगतात. त्यांची वसंत व्याख्यानमालेतली झोप, पीएमटीतली झोप (बसवर पीएमपीएमएल लिहिलेले असते, पण काकांच्या लेखी ती अजून पीएमटीच) आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन होणारे जागतिक घडामोडींचे चिंतन या रकमा ते जमेला धरत नाहीत. बँकेत असताना ते असे हिशेब ठेवत नसावेत, अशी आशा आहे.

हिशेबाचेच म्हणाल, तर आकडा उपलब्ध आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी एकत्र बसून, पुष्कळ संशोधन चाळून असा निर्वाळा दिला, की प्रौढ माणसाने रोज रात्री सात किंवा अधिक तास झोपावे. त्याच वर्षी तिथल्याच आणखी एका संस्थेने सात ते नऊ तास सांगितले आणि पासष्टीनंतर सात ते आठ. म्हणजे म्हातारपणी झोप कमी लागते असे आपण म्हणतो, तीही फार तर तासाभराची सूट. आमच्याकडे गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आकडा न देताच काम भागवले आहे. अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही नाही, असे त्यांनी अर्जुनाला सांगून टाकले. अर्जुन पुण्याचा नसल्यामुळे 'अति म्हणजे नेमके किती?' असे त्याने विचारले नाही.

चरकाचार्य मात्र व्यवहारी. त्यांनी आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानले. पण उन्हाळा सोडून दिवसा झोपायला मनाई केली. आता ही मनाई वाचून कुणी घाबरू नये, कारण पुढे अपवाद आहेत. गाऊन दमलेला, अभ्यासाने शिणलेला, मद्याने झोकांडलेला, ओझे वाहिलेला, वाट तुडवलेला, म्हातारा, मूल, अशक्त, अजीर्ण झालेला, रात्री जागलेला, रागावलेला, दुःखी, भ्यालेला, या सगळ्यांना दिवसा झोपायला परवानगी आहे. आणि एवढी यादी देऊनही कुणी राहून गेलाच, तर ज्याला दिवसा झोपायची सवयच आहे, त्यालाही आहे! शास्त्र असावे तर असे. सदाशिव पेठ वसायच्या कितीतरी शतके आधी तिची सोय करून ठेवलेली.

आता पुण्याच्या 'एक ते चार'बद्दल दोन शब्द. आजवर या तीन तासांवर जेवढे विनोद झाले, तेवढे पुण्याच्या पाण्यावरही झाले नसतील. पण यात एक भूगोल आहे, तो कुणी लक्षात घेत नाही. आपले भारतीय घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले, आणि पुणे बसले आहे पावणेचौऱ्याहत्तरच्या जरासे पलीकडे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याचा सूर्य घड्याळाच्या जवळजवळ पस्तीस मिनिटे मागे चालतो. म्हणजे घड्याळात एक वाजतो, तेव्हा पुण्याच्या आकाशात साडेबाराही वाजलेले नसतात. तेव्हा पुणेकर दुपारी उशिरापर्यंत झोपतो हा आरोप करणाऱ्याने आधी सूर्याशी बोलून घ्यावे. शिवाय दुपारी येणारी पेंग नुसती भाताची नव्हे. जेवण केले नाही तरी दुपारी शरीराची तरतरी उतरतेच, असे झोपेचे शास्त्रज्ञ सांगतात. ज्यांचे दुकान पहाटे दुधाच्या क्रेटबरोबर उघडायचे, त्यांनी दुपारी फळी लावली, तर त्यात आळस कुठे आला?

पण ज्याला आपण ऐतिहासिक म्हणतो, असे एक वर्ष या बाबतीत येऊन गेले: २०१७. त्या वर्षी जुलैत चितळे बंधूंनी दुपारची सुट्टी बंद करून दुकान दिवसभर उघडे ठेवायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी ती बातमी एखादे संस्थान खालसा झाल्यासारखी छापली. ऑक्टोबरात तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, प्राणिमात्रांच्या शरीरातले दैनंदिन घड्याळ कसे चालते हे शोधल्याबद्दल, नोबेल पारितोषिक जाहीर झाले. आणि वर्षअखेरीस महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू होऊन चोवीस तास दुकान उघडे ठेवण्याची वाट बहुतेकांना मोकळी झाली. शरीरात घड्याळ आहे, हे स्टॉकहोमला मान्य झाले त्याच वर्षी आपण दारावरचे घड्याळ उतरवून ठेवले!

दुपारच्या झोपेची बाजू मी भावनेच्या भरात मांडतो आहे, असे कुणाला वाटेल. तर पुरावा देतो. चेन्नईत काही अर्थशास्त्रज्ञांनी कमी उत्पन्नाच्या, संगणकावर माहिती भरण्याचे काम करणाऱ्या साडेचारशे माणसांच्या मनगटाला झोप मोजणारे यंत्र बांधले. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर होती. झोप मात्र साडेपाच तासांच्या आसपास. उरलेला वेळ उकाडा, डास आणि आवाज यांनी खाल्ला. मग त्यांतल्या काहींना डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानांतले बोळे वगैरे देऊन रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात काही फरक पडला नाही. पण कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास शांतपणे पडायची सोय केली, तेव्हा काम सुधारले आणि माणसांना बरेही वाटले. फुटक्या घागरीत वरून कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही, तसे त्या रात्रीच्या झोपेचे असावे.

हा अभ्यास वाचल्यापासून 'किती तास' हा प्रश्न मला जरा पोकळ वाटू लागला आहे. सात तास झोपा म्हणून सांगणे सोपे. पण सात तास ही काही झाडावर लागणारी वस्तू नाही. आपण निवांत झोपतो, तेव्हा दुसरा कुणीतरी जागा असतो. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण खचायला लागले, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते सावरून धरले. १२ जुलैला धरण फुटले ते सकाळी. पाणी शहरात शिरले ते दिवसाउजेडी. घरे, वाडे, संसार वाहून गेले. पण तेच पाणी मध्यरात्री आले असते, तर अंथरुणातून उठायला किती जणांना अवधी मिळाला असता, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्या रात्री पुणे झोपले होते; कुणाच्या जिवावर, हे पुण्याला सकाळपर्यंत ठाऊकही नव्हते.

इतके लांब जायला नको. वाड्यात राहत असताना माझ्या आईला रात्री झोपलेली पाहिल्याचे मला आठवत नाही. आम्ही झोपायचो तेव्हा ती भांडी आवरत असे आणि आम्ही उठायचो तेव्हा नळाला पाणी येऊन बंब पेटलेला असे. मधल्या काळात ती झोपत असणारच. पण ती बातमी आमच्यापर्यंत कधी पोचली नाही. फक्त दुपारी कधीतरी ओसरीवर, हाताची उशी करून ती पडलेली दिसे. तेवढ्यात बोहारीण आली, पोस्टमन आला, मांजराने दुधाकडे पाहिले, की उठून बसे. 'जरा डोळा लागला होता' हे वाक्य मी प्रथम तिच्याच तोंडून ऐकले, आणि तिच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. आता वाडा गेला, बंब गेला. पण सरकारने २०१९ साली देशभर वेळेची मोजणी केली, तेव्हा असे निघाले, की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाची २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. २०२४ च्या मोजणीत बायांची दहा मिनिटे कमी झाली आहेत. आपण हुरळून जाऊ, तेवढ्यात पुढचा आकडा दिसतो: पुरुषांचीही नऊ कमी झाली आहेत!

दक्षिणेतल्या एका लोककथेत वनवासाची चौदा वर्षे लक्ष्मण जागा राहिला आणि त्याच्या वाटची झोप घरी ऊर्मिलेने घेतली, असे सांगतात. निद्रादेवीचा हिशेब चोख. एकाच्या खात्यातून वजा, दुसऱ्याच्या खात्यात जमा. आमच्या घरांतून खाती तीच आहेत, फक्त रकमा उलट्या बाजूला पडतात.

न्यायालयांनी या प्रश्नात लक्ष घातले आहे, ही चांगली गोष्ट. दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांना पोलिसांनी रात्री हुसकावले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली झोपेला जगण्याच्या हक्कात जागा दिली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने, एका वयस्क गृहस्थाची रात्रभर चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याला, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, अशी आठवण करून दिली. आवाजाचा नियम तर २००० सालापासून आहे. रात्री दहा ते सकाळी सहा राहत्या वस्तीत पंचेचाळीस डेसिबल, दिवसा पंचावन्न.

या नियमावर पुण्याची भूमिका पूर्वीपासून स्वच्छ आहे: आमचा तो नाद आणि दुसऱ्याचा तो गोंगाट. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांवर गेली, की पेठांतली माणसे कानांत बोळे घालून कायद्याची कलमे म्हणतात. आणि तीच माणसे सवाई गंधर्वच्या जुन्या रात्री आठवून हळहळतात. १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. थंडीत शाली पांघरून, सतरंजीवर बसून, पहाटेच्या रागाची वाट पाहत काढलेल्या त्या रात्री. (काही जण तिथेही झोपत; पण तालात.) दहाचा नियम आला आणि ती पहाट गेली. मलाही हळहळ वाटते. पण मंडपामागच्या घरात कुणी आजारी माणूस कूस बदलत असेल, तर त्याला भैरव आणि डीजे यांत फरक करायला सांगणे बरे नव्हे.

मला त्या नियमातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. तो रात्रीचे रक्षण करतो, झोपेचे नाही. माझा एक भाचा हिंजवडीला रात्रपाळीला जातो. अमेरिकेतल्या कुणाचे तरी यंत्र त्यांच्या दुपारी बंद पडू नये, म्हणून हा आमच्या रात्री जागतो. सकाळी आठला येऊन तो झोपतो, तेव्हा कायदा पंचावन्न डेसिबल म्हणतो आणि सोसायटीतल्या फरशी कापायच्या यंत्राला तेही मान्य नसते. भोसरी-चिंचवडच्या तिसऱ्या पाळीचे कामगार, इस्पितळातल्या परिचारिका, यांची रात्र सकाळी सुरू होते. तिच्यावर पहारा ठेवायला कुणी नाही.

आणि ज्याचे कामच पहारा, त्याचे काय? आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी हाच प्रश्न उभा राहिला. रात्रीचा वॉचमन, लातूरकडचा एक तरुण, पहाटे तीन वाजता खुर्चीत झोपलेला सापडला. सापडला म्हणजे बँकवाल्या काकांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लगेच सभा. त्याला काढून टाकावे, असा ठराव आला. वॉचमनला बोलावले. तो म्हणाला, "झोपलो नव्हतो साहेब. डोळं मिटून बसलो होतो." अस्सल पुणेकर उत्तर! मला तर त्याला तिथल्या तिथे पेठेत घर द्यावेसे वाटले.

चौकशीत असे निघाले, की आमच्याकडे रात्री आठ ते सकाळी आठ आणि मग नऊ ते पाच एका एटीएमवर, अशा दोन नोकऱ्या तो करतो. एका पगारात खोलीचे भाडे आणि गावाकडचे पैसे दोन्ही निघत नाहीत. येणेजाणे, स्वयंपाक वजा जाता झोपेला संध्याकाळी दोन तास उरतात. बाकीचे पाच तास, निद्रातज्ज्ञांच्या हिशेबाने, तो आमच्या खुर्चीत वसूल करत होता.

"याला काढाल हो," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "पण दुसरा आणाल तोही माणूसच असणार ना?"

सभेत शांतता पसरली. मग कुणीतरी रात्रीच्या दोन पाळ्या करून आणखी एक माणूस ठेवावा, असे सुचवले. महिना चौदा हजार चारशे, चोवीस बिऱ्हाडे, घरटी सहाशे रुपये. शांतता आणखी पसरली. माणसाला झोप किती लागते, हे सगळ्यांना माहीत होते. दुसऱ्याच्या झोपेला किती पैसे पडतात, हे मात्र कुणी आजवर मोजले नव्हते. ठराव पुढच्या सभेवर गेला.

तेवढ्यात वहिनींनीच विचारले, "काका, पहाटे तीनला तुम्ही जागे कसे?"

काका म्हणाले, मला झोपच येत नाही. त्यावर दुसरे म्हणाले, मलाही येत नाही. मोजले, तर इमारतीत पहाटे दोन ते चार टक्क जागे असलेले पाच निवृत्त गृहस्थ निघाले. पाच जण जागे आणि खालच्या एकाने झोपायचे नाही, म्हणजे वाटपात काहीतरी चुकत होते हे सेक्रेटरींच्याही लक्षात आले. दुसरा माणूस मिळेपर्यंत या पाच जणांनी पाळीपाळीने दोन ते चार खाली बसावे आणि तेवढा वेळ वॉचमनने मीटरच्या खोलीत पाठ टेकावी, असे ठरले. सोसायटीच्या इतिहासात एक पैसा खर्च न होता एकमताने झालेला हा पहिला ठराव.

पहिली पाळी काकांची. दोन वाजता ते मफलर बांधून खुर्चीत बसले. सव्वादोनला वॉचमन पाणी प्यायला म्हणून बाहेर आला, तर काका गाढ झोपलेले. कैक वर्षांत आली नव्हती, अशी झोप. त्याने आत जाऊन आपली चादर आणली, काकांच्या अंगावर घातली आणि शेजारी पायरीवर चारपर्यंत बसून राहिला.

त्याने फोटो काढला नाही. दुसरा माणूस पुढच्या महिन्यात आला. सहाशे रुपये काकांनी सगळ्यांत आधी भरले. त्या रात्रीबद्दल विचारले, तर ते म्हणतात, झोपतोय कुठला, जरा डोळा लागला होता.